नऊ मिनिटांचं पाणी

चष्मा मोडला, इतकंच निमित्त होतं. मी ओट्याशी भाकरी थापत होते. वाफेनं काचा धुरकटल्या म्हणून चष्मा काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला, आणि हात पुसायला वळले तर माझ्याच कोपराचा धक्का लागून तो खाली फरशीवर. एका काचेचा भुगा झाला, दुसरीला आडवा तडा गेला. आतल्या खोलीतून उपासना म्हणाली, "आई, आज गुरुवारच आहे. पिकेटला गुरुवारी चष्म्याचा डॉक्टर बसतो. दुपारी मला तिकडे पार्सलं घेऊन जायचंच आहे. चल माझ्याबरोबर."

"विमानानं?"

"मग काय, पोहत?"

मैत्री, बुद्धवंदनेची ती मेणबत्ती राहू दे तशीच, विझवू नकोस. तुमच्या या कॅरी शहरात आल्यापासून तू रोज विचारतेस ना, "मावशी, उपासनाताई तिकडे बेटावर एकटी राहते, तिला भीती नाही वाटत?" आज सांगते. मुलं वर झोपलीत ना? मग बस इथं.

माझी मुलगी विमान चालवते. हे मी दिवसातून किती वेळा म्हणते ते मला माहीत आहे, हसू नकोस. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात मी सगळी नोकरी वॉर्डात काढली. मोठमोठे डॉक्टर "रत्नाबाई सिस्टर कुठे आहेत?" विचारत यायचे, त्याचा मला अभिमान होता. पण आमच्या वस्तीतल्या विहारात ज्या दिवशी उपासनाचा फोटो लावला, विमानाला टेकून उभी, कानावर हेडफोन, त्या दिवशी मला कळलं की याआधी जे वाटायचं ते काहीच नव्हतं. ह्यांनी तो फोटो बघायला हवा होता.

इथं अमेरिकेत आली ती आधी सॉफ्टवेअरलाच. टेक्सासमधल्या प्लेनोला. मोठं ऑफिस, चांगला पगार. पण शनिवार-रविवारी बाकीचे मॉलमध्ये जायचे तेव्हा ही विमान शिकायला जायची. मला फोनवर म्हणायची, "आई, वर गेल्यावर डोकं एकदम शांत होतं." ग्रीन कार्ड हातात आलं आणि हिनं नोकरी सोडली. नातेवाइकांनी मला फोन करकरून बोल लावले. मी म्हटलं, माझी पोरगी आहे, तिला कळतं.

तर वॉशिंग्टन राज्याच्या वरच्या टोकाला, कॅनडाच्या अंगाला, समुद्रात बेटंच बेटं आहेत. त्यातलं मॅलरी नावाचं बेट, तिथं ती राहते, आणि बेटाबेटांवर विमानानं पार्सलं पोचवते. शेजारचं बेट पिकेट. दोन्हीकडे एकेक छोटा विमानतळ. विमानतळ म्हणजे काय, एक धावपट्टी, एक टपरीएवढं ऑफिस आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा. मधे पंधरा मैल पाणी. बोटीनं सव्वा तास लागतो. विमानानं नऊ मिनिटं. उपासनाचं ते पाठ झालेलं गणित होतं. वारा समोरून असला तर दहा. पाठीमागून असला तर आठ. आठाच्या खाली कधीही नाही. चाकं जमिनीवरून उचलली की ती समोरचं घड्याळ चालू करायची. मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा विचारलं, "रोजचाच रस्ता, मग घड्याळ कशाला?" तर म्हणाली, "आई, पाण्यावर खुणा नसतात. डोळे फसतात. पण इथून तिथपर्यंत किती वेळ लागतो, ते बदलत नाही."

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. दुपारपर्यंत ऊन होतं. मी साडीवर स्वेटर, वर तिचा जाड कोट असा थाट करून बसले होते. निघणार तेवढ्यात खालच्या बागेतून ओरडण्याचा आवाज आला.

वॉल्टर म्हणजे उपासनाचा घरमालक. ऐंशीच्या पुढचा, एकटा, पूर्वी होड्या बांधायचा. आम्ही त्याच्या वरच्या मजल्यावर राहायचो. उपासनाला तो "कॅप्टन" म्हणायचा, आणि मला ते ऐकायला इतकं आवडायचं की मी मुद्दाम त्याच्यासमोर तिचा विषय काढायची. तर हा म्हातारा शेवटची सफरचंदं काढायला शिडीवर चढला आणि शिडीसकट खाली आला.

मी धावत गेले. चष्मा नव्हता, पण त्याची मला गरज पडली नाही. हाताला कळतं. कमरेचं हाड मोडलं होतं, एक पाय आखूड होऊन बाहेर वळला होता. मला काळजी हाडाची नव्हती. त्याची नाडी पळत होती, अंग घामानं गार होतं, आणि ओठ पांढरे पडत चालले होते. आतल्या आत रक्त जात होतं. मी उपासनाला म्हटलं, "याला दवाखान्यात न्यायला पाहिजे. तासाभरात. जास्त नाही."

मॅलरीला दवाखाना नाही. बेटावरचे अग्निशमनवाले, सगळे आपले गावचेच लोक, गाडी घेऊन आले. त्यांनी हेलिकॉप्टर बोलावलं तर समजलं की पलीकडे मोठ्या किनाऱ्यावर धुकं उतरलंय, हेलिकॉप्टर उडत नाही. बोट संध्याकाळी. पिकेटला मात्र छोटा दवाखाना आहे, सर्जन आहे.

त्यांच्यातला एकजण उपासनाला म्हणाला, धुकं इकडेही सरकतंय.

उपासनानं समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाली, "पिकेट अजून उघडं आहे. नऊ मिनिटांचं काम आहे. आज समोरचा वारा आहे, दहा धरा. आई, तू मागे त्याच्याजवळ बस."

बघ हं, तिनं मला "येशील का" असं विचारलं नाही. सर्जन जसा सिस्टरला सांगतो तसं सांगितलं. मला बरं वाटलं.

विमानातल्या मागच्या खुर्च्या काढून वॉल्टरला खाली गादीवर बांधला. मी त्याच्या डोक्याशी, एका घडीच्या खुर्चीवर. माझी बोटं त्याच्या मनगटावर. उपासनाची फक्त पाठ दिसत होती मला, आणि वेणी. लहानपणी तेल लावून घालून द्यायची मी ती वेणी. विमान उचललं, आणि तिनं घड्याळाचं बटण दाबल्याचा टक् असा आवाज मी ऐकला.

खाली पाणी शिशासारखं होतं. चार वाजले असतील, पण तिकडे नोव्हेंबरात चारलाच दिवस कलतो. धुकं मी आपल्याकडे पुष्कळ पाहिलंय, शेतावर बसलेलं, उन्हाबरोबर उठून जाणारं. हे तसं नव्हतं. हे पाण्यावरून चालत येत होतं. आधी दूर पांढरी रेघ होती, मग भिंत झाली, मग भिंतीतून आम्हीच आत शिरलो की काय कोण जाणे. खिडकीबाहेर काही उरलं नाही. विमान उडतंय की एका जागी उभं आहे, तेही कळेना. फक्त इंजिनाची घरघर आणि पेट्रोलचा वास.

"उपासना..."

"दिसतंय मला, आई. नकाशाच्या स्क्रीनवर सगळं बरोबर आहे. नाडी सांग."

"बारीक. पण लागतेय."

वॉल्टर काहीतरी पुटपुटत होता. ते ऐकायला मी हेडफोन एका कानावरून बाजूला सरकवला. आणि तेवढ्यात विमान उतरू लागलं.

"आलं?" मी विचारलं.

"आलं. दिवे दिसतायत."

मलाही दिसले. चष्म्याशिवाय म्हणजे काय, धुक्यात पिवळ्या ठिपक्यांच्या दोन माळा. उपासना रेडिओवर बोलली, आपण कोण, कुठून उतरतोय, ते सांगितलं. उत्तर आलं नाही. ती पुन्हा बोलली. नुसती खरखर. तिनं खांदा जरा उडवला, रेडिओ कधीकधी असं करतात, आणि विमान खाली घेतलं. इतकं अलगद टेकलं, मैत्री, की वॉल्टर कण्हलासुद्धा नाही. मी मनात म्हटलं, शाब्बास गं माझी वाघीण.

विमान धावत धावत हळू झालं. आणि इंजिनाचा आवाज एकदम दूर गेला. बंद पडला नाही. कानात कापूस घातल्यावर जसा येतो तसा यायला लागला. मग मला वास आला. समुद्राचा नाही, ओल्या लाकडाचा नाही. फिनेल, स्पिरिट आणि उकळलेल्या सुयांचा. माझ्या तरुणपणच्या वॉर्डाचा वास. आता सुया कोण उकळतं? पण त्या वेळी मला काय वाटलं सांगू? मला हायसं वाटलं. वाटलं, चला, दवाखाना आला.

धावपट्टीच्या कडेला ॲम्ब्युलन्स उभी होती, मागचं दार उघडून. तिच्यापुढे चौघे-पाचजण ओळीनं उभे, पांढऱ्या कोटातले. मधे स्ट्रेचर. चेहरे मला पुसट दिसत होते, पण चष्मा नव्हता, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्यातला एकजण पुढे आला. शांतपणे चालत आला, आणि माझ्या बाजूच्या दाराशी उभा राहिला.

मी दाराच्या कडीला हात घातला.

"आई." उपासनाचा आवाज. "हात काढ."

"अगं, ते आलेत न्यायला..."

"हात काढ, आई. दार उघडू नको."

मी तिच्याकडे बघितलं. ती दाराकडे बघतच नव्हती. समोरच्या घड्याळाकडे बघत होती.

"सहा मिनिटं झालीत," ती म्हणाली. "फक्त सहा. आणि वारा समोरून आहे."

"घड्याळ बंद पडलं असेल."

"पडलं असेल. स्क्रीन म्हणतेय पिकेट आलं. डोळ्यांना पण पिकेट दिसतंय. पण मी हे पाणी रोज ओलांडते, आई. माझं अंग सांगतंय, अजून आपण पाण्यावर आहोत. इथं... इथं जमीन नाहीये."

मैत्री, मी खोटं बोलणार नाही. मला तिचा राग आला. माझ्या हाताखाली माणूस गार पडत चालला होता. बाहेर ॲम्ब्युलन्स उभी होती. आणि ही घड्याळाच्या गोष्टी करते! वॉर्डात अशा वेळी मी कुणाचं ऐकून घेतलं नाही, शिकाऊ हाउसमन डॉक्टरचंही नाही. मी म्हटलं, "उपासना, पेशंट जाईल हा! मी सांगतेय ना, उघडू दे मला!"

त्यावर ती ओरडली नाही. मागे वळली. अगदी हळू म्हणाली, "आई, तुझ्या वॉर्डात तू सांगायचीस तसं लोक करायचे ना? हा माझा वॉर्ड आहे."

माझा हात कडीवरून आपोआप निघाला. त्या आवाजात आर्जव नव्हतं की भीती नव्हती. माझ्याच पोटची पोर, पण मी तिचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. त्यानंच मला थांबवलं, दुसऱ्या कशानं नाही.

आणि मग बाहेरचा तो माणूस बोलला. काचेला तोंड लावल्यासारखा जवळून, मऊ आवाजात. "सिस्टर, पेशंट द्या. बेड तयार आहे."

मी वॉल्टरचं मनगट घट्ट धरलं.

"द्या ना, सिस्टर. तिन्ही बेड तयार आहेत."

तिन्ही...

मी वॉल्टरकडे पाहिलं. पेशंट तर एकच होता.

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं ते वेगळंच. विमानाचा पंखा फिरत होता. त्याच्या वाऱ्यानं धावपट्टीच्या कडेचं गवत आडवं पडत होतं, लाटेसारखं. आणि त्या माणसाचा कोट हलत नव्हता. केस हलत नव्हते. मागे ओळीनं उभ्या असलेल्यांचंही काही हलत नव्हतं. भिंतीवर काढलेल्या चित्रासारखे ते त्या वाऱ्यात उभे होते.

"चल," मी म्हटलं. "उपासना, चल इथून..."

तिनं विमान जागच्या जागी वळवलं. आता तोंड आलो त्या दिशेला. आणि वळून बघतो तर ते सगळे समोर, धावपट्टीच्या त्या टोकाला उभे. कुणी चालत गेलं नव्हतं. मधे स्ट्रेचर. आता स्ट्रेचर तीन होते.

"डोळे मिटून घे, आई. नाडी धरून ठेव."

"तू?"

"मला उडवायचंय."

मी डोळे मिटले नाहीत. तिला एकटीला ते बघायला लावायचं नाही, असं मी ठरवलं. इंजिन जोरात ओरडलं, पण कापसाआडूनच. दिवे पळू लागले. ती माणसं जवळ आली, आणखी जवळ आली. उपासनाची पाठ ताठ होती, वेणी जराही हलली नाही. मी "बुद्धं सरणं" म्हणायला लागले, मोठ्यानं. माझ्याबरोबर तीही म्हणत होती, दातांत धरून. अगदी शेवटी, ते चेहरे काचेसमोर यायच्या आत, विमानानं जमीन सोडली.

कशाचा धक्का लागला नाही. मात्र कानातला कापूस निघाला आणि इंजिनाचा खराखुरा आवाज अंगावर कोसळला. इतका मोठा की मी दचकले. फिनेलचा वास गेला. वॉल्टर मोठ्यानं कण्हला. तो त्या सगळ्या वेळात कण्हलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"नाडी?" उपासनानं विचारलं.

"आहे."

पुढचं पाणी आम्ही ओलांडलं. धुकं विरळ झालं, फाटलं, आणि खाली पिकेटची धावपट्टी, ओली, काळी, वर कापडी मोजा फडफडतोय. रेडिओवर एक बाई बोलली, वैतागलेल्या, झोप न झालेल्या आवाजात. खाली उतरलो तर ॲम्ब्युलन्स होतीच. तिच्यातून एक पोरगी धावत आली, पंख्याच्या वाऱ्यानं तिच्या जॅकेटची टोपी फटाफट तिच्याच तोंडावर आपटत होती, आणि ती एका हातानं ती धरून आमच्यावर ओरडत होती, लवकर करा म्हणून. देवाशप्पथ म्हणायची आपल्याकडे रीत नाही, नाहीतर मी शपथेवर सांगितलं असतं की इतकी सुंदर मुलगी मी आयुष्यात पाहिली नाही.

दार मी उघडलं. उपासनानं मान हलवल्यावर.

वॉल्टरला लगेच आत घेतलं. रात्री सर्जन बाहेर आला. चांगला उंच माणूस. त्यानं मला नाही, उपासनाला शोधलं. तिचा हात हातात घेऊन म्हणाला, अजून पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो. मग त्यानं विचारलं, विमान कुणी चालवलं? ही म्हणाली, "मी." तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मी मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं, "माय डॉटर." आणखी काय सांगायचं असतं?

पण उशीर... तो झालाच कसा नाही? आम्ही त्या धावपट्टीवर उतरलो, थांबलो, बोललो, वळलो. पाच मिनिटं तरी गेली असतील. उपासनानं रेडिओवरच्या त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, मॅलरीहून तुम्ही उडाल्याचं कळलं तेव्हापासून दहा मिनिटं. समोरचा वारा होता ना, बरोबर वेळेत आलात.

दवाखान्यात बाकड्यावर बसून आम्ही कागदी पेल्यातली कॉफी पीत होतो. मग मी म्हटलं, "मला मेलीला चष्मा नव्हता. त्यांचे चेहरे नीट दिसले असते तर मला आधीच काही कळलं असतं."

उपासना पेल्यात बघत राहिली. "आई, माझे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "मलाही तसेच दिसत होते. पुसट."

मी म्हटलं, "आणि तो माणूस बोलला ते? तीन बेडचं?"

"कोण बोलला?"

"तो. दाराशी."

"आई, इंजिन चालू होतं. बाहेरून कुणी बोंबललं असतं तरी आत ऐकू आलं नसतं." ती थांबली. "तू कुणाला तरी ऐकतेयस, एवढंच मला दिसत होतं."

काय गं? काय विचारतेस? हो... बरोबर पकडलंस. तू विचारतेस, तो माणूस मराठीत बोलला का. मराठीतच बोलला. मला "सिस्टर" म्हणाला, आपल्या नागपूरच्या वॉर्डबॉयसारखा. आणि तुला सांगते, तेव्हा मला त्यात काहीही वेगळं वाटलं नाही. समुद्राच्या मधोमध, अमेरिकेत, एक माणूस माझ्याशी माझ्या भाषेत बोलतो, आणि मला ते अगदी साहजिक वाटतं. त्या गोष्टीची मला अजून सगळ्यात जास्त भीती वाटते.

वॉल्टर वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला, वॉकर घेऊन. त्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं. एक दिवस मी त्याला वरणभात नेऊन दिला, तर खाता खाता म्हणाला, "त्या दिवशी वाटेत ती बाई कोण होती?" मी म्हटलं, कोण बाई? तर म्हणाला, मला आत ये, आत ये म्हणत होती, आत ऊब आहे म्हणत होती. नॉर्वेजियनमध्ये. त्याची आजी नॉर्वेची होती, ती गेल्यापासून त्यानं ती भाषा ऐकली नव्हती. मी त्याला म्हटलं, औषधाच्या गुंगीत असं होतं. सिस्टरनं सांगितलं की पेशंट मानतो. त्याला मी हे सांगू शकले नाही की पिकेटला पोचेपर्यंत त्याला कुणी कसलंही औषध दिलं नव्हतं.

उपासनानं पुढे सगळं तपासलं. तसं केलं नाही तर ती उपासना कसली. स्क्रीन उघडून घेतली, मेकॅनिकला दाखवली, काही बिघाड नाही. समुद्राचे नकाशे काढले. मॅलरी आणि पिकेटच्या मधे बेट नाही. एक खडक आहे, भरतीला बुडतो, ओहोटीला त्यावर सील नावाचे समुद्री प्राणी येऊन बसतात. विमान सोड, आपली मेणबत्तीसुद्धा नीट उभी राहायची नाही त्यावर.

मी म्हटलं, "आता सोड हे काम. प्लेनोला जा परत. चांगली नोकरी होती."

तिनं मला जवळ बसवून घेतलं. "आई, या बेटावर साठ म्हातारे राहतात," ती म्हणाली. "पुढच्या वेळी कुणी शिडीवरून पडलं तर? जो पायलट नवीन असेल, ज्याला हे पाणी किती मिनिटांचं आहे हे अंगात माहीत नसेल, तो दार उघडेल."

मग मी पुन्हा प्लेनोचं नाव काढलं नाही. वस्तीतल्या बायका मला विचारतात, तुझ्या मुलीनं कमावलं काय? घर नाही, मोठी गाडी नाही. मी म्हणते, माझ्या मुलीनं अशी एक गोष्ट कमावलीय की डोळे, यंत्र आणि स्वतःची आई, तिघं एका बाजूला झाली तरी ती हलली नाही. मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आले, भुलू नका, तपासून बघा, मग माना. मी नुसतं सांगत आले. तिनं करून दाखवलं.

अजूनही ती उडते. रोज. नऊ मिनिटं, कधी दहा, कधी आठ. मी भारतात असते तेव्हा दर दोन दिवसांनी फोन येतो, आणि इथं तुझ्याकडे असले की रोज.

परवाचा फोन तू उचललास ना, मग मला दिलास? मी बोलता बोलता मागच्या गॅलरीत गेले, आठवतंय? तिकडे परत धुक्याचे दिवस आलेत. ती रिकामंच विमान घेऊन पिकेटला निघाली होती. म्हणाली, "आई, परत दिसलं. सहा मिनिटांना. दिवे लागलेले होते खाली."

मी म्हटलं, "उतरलीस?"

"वेडी आहेस का? वरूनच गेले."

उतरली नाही माझी पोरगी. मला इतकं बरं वाटलं की मी गॅलरीतल्या खुर्चीवर बसलेच. मग ती म्हणाली, "पण आई, या वेळी खाली एक विमान उभं होतं. छोटं. आमच्यासारखंच. मागचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं."

"कुणाचं गं?" मी विचारलं. "तिकडचं कुणी हरवलंय का?"

"नाही. मी सगळीकडे विचारलं. कुणाचंही विमान हरवलेलं नाही."

"मग शेपटीवर नंबर असतो ना? वाचता आला का तुला?"

"आला. अगदी कमी उंचीवरून गेले होते मी. तो नंबर मला पाठ आहे."

"मग कुणाचा होता?"

तिकडे वारा वाहत होता, तो मला फोनमधून ऐकू येत होता.

मग म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"